स्त्रियांची थाळीफेक

११ ऑक्टोबर २०१० रोजीं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू मैदानावर जें घडलें, तें आपल्या क्रीडेतिहासांत अपूर्व होतें. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील स्त्रियांच्या थाळीफेकींत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य हीं तिन्ही पदकें भारताकडे आलीं. कृष्णा पुनिया हिची फेक ६१.५१ मीटरची, हरवंत कौर हिची ६०.१६ मीटरची व सीमा अंतिल हिची ५८.४६ मीटरची. १९५८ सालीं कार्डिफ येथें मिल्खासिंग यांनीं मिळविलेल्या सुवर्णपदकानंतर ५२ वर्षांनीं या स्पर्धांतील धांवणें, उड्या व फेकी या खेळांत भारताला सुवर्ण मिळालें. आणि तें एका मुलाची आई असलेल्या स्त्रीनें मिळवून दिलें.

असें असूनहि थाळीफेक म्हणजे काय, असें विचारल्यास "तो ताकदीचा खेळ" एवढेंच उत्तर आपल्या घरांतून मिळतें. हें उत्तर अपुरें आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळें आपल्या मुलींचें नुकसान होत आहे, हें आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. स्त्रियांची थाळी वजनानें एक किलो व व्यासानें सुमारें १८ सेंटिमीटर असते. पुरुषांची दोन किलो व सुमारें २२ सेंटिमीटर. तिची कड धातूची असून ती मध्यें जाड व कडेकडे निमुळती होत जाते. फेकणारी स्त्री २.५० मीटर व्यासाच्या वर्तुळांत, मैदानाकडे पाठ करून उभी राहते. उजव्या हातानें फेकणारी असेल तर ती डाव्या पायावर गिरकी घेते, मग उजवा पाय वर्तुळाच्या मध्याशीं व डावा पुढच्या कडेजवळ टेकते. अशी सुमारें दीड प्रदक्षिणा होते. तींत पाय आणि कंबर आधीं वळतात, खांदा मागें राहतो आणि हात सर्वांच्या मागून येतो. पिळलेलें फडकें सोडतांच जसें उलगडतें, तसें तिचें अंग कमरेपासून खांद्यापर्यंत उलगडतें आणि थाळी तर्जनीच्या स्पर्शानें स्वतःभोंवतीं फिरत सुटते. म्हणजे दंड हा या साखळींतील केवळ शेवटचा दुवा होय. फेकीचा उगम पायांखालच्या जमिनींत आहे.

थाळी सुटल्यावर वाऱ्याचें काम सुरू होतें. समोरून येणारा वारा अडथळा करील, असें आपणांस वाटतें. परंतु फिरणारी थाळी पक्ष्याच्या पंखाप्रमाणें हवेवर तरंगते, आणि योग्य कोनांत सुटली असेल तर समोरचा वारा तिला उचलून धरतो. खळ्यावर धान्य उपणणारा आपला शेतकरी जसा वाऱ्याचा रोख पाहून उभा राहतो, तशीच नजर येथें लागते. थाळी जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळाबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं. टाकल्यास कितीहि लांबची फेक बाद ठरते. म्हणून या खेळांत बळाइतकेंच तोल आणि ताल यांना मोल आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें थाळीफेक व गोळाफेक या दोन्हींत सुवर्ण मिळविणारी फ्रान्सची मिशलिन ऑस्टरमेयर ही व्यवसायानें पियानोवादक होती, हें ऐकून म्हणूनच नवल वाटावयास नको.

स्त्रियांना ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत प्रवेश मिळाला तो १९२८ सालीं, ॲम्स्टरडॅम येथें. तेव्हां त्यांच्यासाठीं अवघ्या पांच स्पर्धा होत्या, आणि थाळीफेक ही त्यांतील एक. पोलंडच्या हालिना कोनोपाट्स्का हिनें ३९.६२ मीटरची फेक करून आपल्या देशाला ऑलिंपिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. त्याच वर्षीं ८०० मीटरच्या शर्यतीनंतर स्त्रिया दमून पडतात असा गवगवा झाला, आणि ती शर्यत १९६० पर्यंत त्यांच्यासाठीं बंद राहिली. थाळी मात्र त्यांच्या हातून गेली नाहीं.

१९८८ सालीं पूर्व जर्मनीच्या गाब्रिएल राइन्श हिनें ७६.८० मीटरचा विक्रम केला. त्या काळीं त्या देशांत खेळाडूंना शक्तिवर्धक औषधें देण्याची सरकारी योजनाच होती, असें पुढें कागदपत्रांवरून उघड झालें. त्यामुळें जाणकार त्या काळच्या आंकड्यांकडे सावधपणें पाहतात. खेळ केवळ ताकदीचा मानला, म्हणजे ताकद विकत घेण्याचा मोह कसा होतो, हें यांतून दिसतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. सोलापूर जिल्ह्यांतील मिरे गांवची किरण नवगिरे आरंभीं भालाफेक व गोळाफेक करीत असे. पुढें ती क्रिकेटकडे वळली. एप्रिल २०२२ मध्यें नागालँडकडून खेळतांना तिनें २० षटकांच्या सामन्यांत ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या, आणि त्याच वर्षीं ती भारतीय संघांत आली. बॅट चालवितांनाहि जोर पायांतून व कमरेतूनच वर चढावा लागतो. फेकीनें घडविलेलें शरीर कोठें वायां जात नाहीं, याचें याहून जवळचें उदाहरण कोणतें?

दिल्लीच्या त्या तिघी पंजाब-हरियाणाच्या मुलखांतल्या. आपल्याकडे मैदानें मुळींच नाहींत असें नव्हे. २०१३ च्या जुलैंत पुण्याच्या बालेवाडीला आशियाई स्पर्धा भरल्या, आणि तेथें पुरुषांच्या थाळीफेकींत विकास गौडा यानें ६४.९० मीटरच्या फेकीनें सुवर्ण जिंकलें. परंतु सोलापूरच्या मुलीला रोजच्या सरावासाठीं पुणें जवळ नाहीं. तिला जवळच सिमेंटचें एक वर्तुळ हवें, भोंवतीं मजबूत जाळी हवी, कारण वाट चुकलेली एक किलोची थाळी जीवघेणी ठरूं शकते. आणि पाय कसा टेकावा हें सांगणारा जाणता मार्गदर्शक हवा.

याहूनहि आधीं एक गोष्ट घरांत व्हावयास हवी. उंच, रुंद बांध्याची मुलगी दिसली कीं तिला पाठ वांकवून चालावयास शिकविणारी घरें आपल्यांत अजून आहेत. त्याच बांध्याला थाळीफेकींत मान आहे. तिला ताठ उभें राहूं द्यावें. फेकीचा पहिला धडा तोच आहे.