जुनी साइट, नवी अवजारं – लेखांक ५ : बांधायची कशात?

मागच्या आठवड्यात डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासलं. ते संस्थेच्याच नावावर असेल, तर आता खरी बैठक बसते: साइट नव्याने बांधायची, पण कशात?

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, महाविद्यालय यांची साइट बहुधा एखाद्या हुशार पोराने बनवून दिलेली असते. पोरगा पुढे पुण्याला नोकरीला लागतो, साइट इथेच राहते. आपण महाविद्यालयाचं उदाहरण घेऊ, कारण सगळे गुंते तिथे एकत्र भेटतात.

पहिल्या पानावरची हलती पट्टी फ्लॅशमध्ये केलेली होती. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणंच थांबवलं. पट्टीच्या जागी राखाडी चौकोन उरला. मग होस्टिंगवाल्याने सर्व्हरवर पीएचपीची सातवी आवृत्ती चढवली. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स त्या आवृत्तीतून काढलेली आहेत, त्यामुळे सूचनाफलकाचं पान कोरं पडलं. ‘साइट हॅक झाली’ म्हणून कॉलेजात ओरड होते. हॅक कोणीच केलेली नसते.

मराठी साइटचं खरं दुखणं मात्र मजकुरात असतं. आपल्याकडच्या टायपिंगवाल्यांचा हात कृतिदेववर बसलेला. त्या फॉन्टमध्ये ‘शेतकरी’ लिहिलं की संगणकाच्या लेखी तिथे एक अवतरणचिन्ह आणि मग के, एस, आर, डी, जे, एच एवढीच रोमन अक्षरं असतात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. म्हणून गूगलवर ‘शेतकरी’ शोधलं तर ते पान सापडत नाही, आणि फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर नुसतं गबाळ दिसतं. हा मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कुठलंही अवजार निवडून उपयोग नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम फुकट मिळतात, पण वेलांटी आणि रफार यांवर त्यांचा घोटाळा होतो. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. त्यातून ‘िदनांक’ आणि ‘वषर्’ असले शब्द जन्माला येतात. शंभर पानं असतील तर शंभरही कोणीतरी डोळ्यांखालून घालावी लागतात. त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे धरा.

आता अवजार. वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे, त्याचा कारभाराचा पडदा मराठीत मिळतो, आणि अडलं तर अकोल्यात जाणकार सापडतो. हा शेवटचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात वजनाचा. खोट एकच: प्लगइन गाजरगवतासारखे वाढतात आणि जुने पडलेले प्लगइन चोराला दार उघडून देतात. चार-पाचांवर थांबा.

ह्यूगोसारखं साधन सरळ तयार पानं बनवून देतं. सर्व्हरवर डेटाबेस नाही, म्हणून फोडण्यासारखं फारसं काही नाही, आणि एका दांडीच्या नेटवरही पान उघडतं. पण परीक्षेच्या फॉर्मची तारीख बदलली की ऑफिसातल्या बाबूने ती टाकायची कशी? कृषी केंद्राच्या दोन पानांना ह्यूगो छान, रोज सूचना बदलणाऱ्या कॉलेजला नाही. ड्रुपल दणकट आहे. पण त्याची सातवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली आणि तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळपास नवं बांधकाम. ते पेलणारा माणूस पगारावर असेल तरच त्या वाटेला जा.

‘फुकट आणि पाच मिनिटांत’ यापासून जपा. गूगलने दुकानदारांना व्यवसायाच्या नोंदीसोबत एकपानी साइट दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. आपला मजकूर एकगठ्ठा बाहेर काढता येतो का, हे आत शिरण्याआधी विचारायचं.

सरकारने आपल्यापुरती ही डोकेदुखी एकदाच सोडवली. अकोला जिल्ह्याची साइट ज्यावर उभी आहे ती केंद्र सरकारच्या एनआयसीची ‘एसथ्रीवास’ ही व्यवस्था देशभरातल्या जिल्ह्यांना एकच सांगाडा देते. सुरक्षेची डागडुजी मध्यवर्ती होते, जिल्ह्याने फक्त मजकूर भरायचा. खासगी संस्थेला ती मिळत नाही. पण एकाच विद्यापीठाखालच्या चार कॉलेजांनी मिळून एक सांगाडा आणि एक माणूस ठेवायला कोणाची ना आहे?

कॉलेजसाठी म्हणून माझा कौल वर्डप्रेसला, त्याच्याच साध्या थीमसह. फक्त जुनी साइट उतरवण्याआधी प्रत्येक पानाचा आणि पीडीएफचा पत्ता एका एक्सेलमध्ये उतरवून घ्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला पाठवलेल्या वार्षिक अहवालांत याच लिंका दिलेल्या आहेत. नव्या साइटवर पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा ३०१ चा वळसा लावला नाही, तर अहवाल तपासणाऱ्याला पुरावा उघडून दिसायचा नाही, आणि आयक्यूएसीच्या, म्हणजे गुणवत्ता हमी कक्षाच्या, सरांना सुट्टीत बसून एकेक लिंक दुरुस्त करावी लागेल.

पुढच्या आठवड्यात: बॅकअप कुठे ठेवायचा आणि पासवर्ड कोणाकडे.