फायटरच्या माद्या एका टाकीत? आधी जागा मोजा!

शोभेच्या माशांचा जोडधंदा आता खेड्यापाड्यांतही शिरू लागला आहे. मध्यंतरी एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं, "साहेब, फायटरचे नर भांडतात म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. मग नुसत्या माद्या घेऊन एका लहान टाकीत सोडल्या तर? दुकानदार म्हणतो, माद्या भांडत नाहीत." गटाचं कर्ज काढून तीस माद्या घ्यायचा त्यांचा विचार होता.

याच वाक्यावर मी स्वतः एकदा फसलो आहे. दीड फुटी टाकी, पाणी जेमतेम तीस लिटर, त्यात चार माद्या. दोन दिवस गंमत वाटली. चौथ्या दिवशी एकीचं शेपूट फाटलेलं, ती कोपऱ्यात दबून बसलेली. आठव्या दिवशी ती गेली, पाठोपाठ दुसरी. पोरगी रडली ती रडलीच. चूक माशांची नव्हती, माझी होती.

हा मासा मूळचा थायलंडचा. तिकडे त्याला 'प्ला कात' म्हणजे चावणारा मासा म्हणतात. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरं, दलदल, गवताळ उथळ पाणी हे त्याचं घर. तिथे हरलेली मादी गवतात पळून जीव वाचवते. काचेच्या लहान टाकीत पळणार कुठे? खुराड्यात नवी कोंबडी सोडली की बाकीच्या टोचून टोचून तिची पायरी ठरवतात ना, तसंच हे. नरांइतक्या नसल्या तरी माद्याही भांडतात.

दुसरा गैरसमज पाण्याचा. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो, म्हणून बरणीतही तग धरतो. पण विष्ठेतून होणारा अमोनिया त्याला सोडत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत तयार व्हावे लागतात. युरिया टाकल्यावर जमिनीत जे चक्र चालतं, तेच हे. नव्या टाकीत त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गर्दी करू नये.

तरीही माद्या एकत्र ठेवायच्याच असतील तर एवढं पाळा :

१) टाकी निदान तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. काठोकाठ भरली तर ८५ लिटर होतात, पण मासा उडी मारतो म्हणून वर दोन इंच मोकळे सोडा आणि झाकण ठेवा.

२) दोन-तीन नकोत, पाच-सहा घ्या, म्हणजे एकीवरच मार पडत नाही. शक्यतो एकाच विणीतल्या, एकत्र वाढलेल्या घ्या आणि सगळ्या एकाच वेळी सोडा.

३) पाणवनस्पती दाट लावा. करवंट्या, धार घासून काढलेली फुटकी मडकी ठेवा. एकीला दुसरी दिसता कामा नये.

४) पाणी २४ ते २८ अंश ठेवा. थंडीत हीटर लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय ते टाकीत ओतू नका.

५) कोवळे नर मादी म्हणून गळ्यात पडतात. पोटाखाली पांढरा ठिपका आहे का ते पाहून घ्या.

६) प्रत्येक मादीसाठी वेगळं भांडं तयार हवं. अंगावर डोक्याकडून शेपटीकडे काळसर पट्टे उमटले, पर मिटले, खाणं सुटलं, की त्याच दिवशी ती वेगळी करा.

एवढं करूनही शांतता टिकेल याची हमी नाही. महिनोन्महिने गुण्यागोविंदाने राहिलेल्या माद्या एका रात्रीत उठतात. नको झालेले मासे मात्र विहिरीत, ओढ्यात सोडू नका. परका मासा आपल्या पाण्यात नकोच.

ताईंना मी सांगितलं, तीस माद्या आणि लहान टाकी म्हणजे कर्ज पाण्यात. आधी चार माद्या चार वेगळ्या भांड्यांत सांभाळा, पाण्याची सवय करून घ्या आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक खेप टाका. गटाने तसंच ठरवलं. हप्ता मासे फेडत नाहीत, तो माणसालाच फेडावा लागतो.