कोलारचं सोनं नक्की शोधलं कुणी?

आपल्या भिगवणच्या पायाखाली काळा कातळ आहे, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात सोनं शोधणं व्यर्थ. ते सापडलं त्याहून कितीतरी जुन्या खडकांत, एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या कोलारला. या खाणीचं श्रेय सर्रास मायकेल लॅव्हेल या आयरिश माजी सैनिकाला दिलं जातं, कारण १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे परवाना मागितला. मला ते अर्धंच पटतं. १८०२ मध्येच उरिगामच्या गावकऱ्यांनी लेफ्टनंट जॉन वॉरनसमोर माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले होते, आणि मारिकुप्पमला जुने खड्डे होतेच. लॅव्हेलला माग मिळाला तो वॉरनच्याच अहवालातून!

कुणी म्हणेल, जुने खड्डे म्हणजे खाण नव्हे. सुरुवातीच्या कंपन्यांनी तिथे पैसा बुडवलाच की. खरं आहे. जॉन टेलर अँड सन्सच्या हाती आलेली म्हैसूर कंपनीही गुंडाळायच्या बेतात होती. पण १८८३ च्या सुमारास कॅप्टन प्लमरने जुन्या खोदकामांच्याही खाली उतरून खणलं आणि चॅम्पियन शीर हाती लागली. म्हणजे जागा जुन्या खाणकऱ्यांनी अचूक हेरली होती, त्यांना अडवलं ते पाण्याने आणि खोलीने. तिथून पुढचं श्रेय मात्र भांडवल, यंत्रं आणि जिवावर उदार होऊन राबणाऱ्या, बहुतांशी तमिळ मजुरांचं. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली आणि पुढे खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली.