काकूला पळवणारा पुतण्या

गोखिवऱ्यात आमचा लेथचा गाळा होता. एका वर्षी गणपतीत मंडळाने ‘सौभद्र’ या संगीत नाटकातला एक प्रवेश बसवला आणि अंगाने मीच दांडगा म्हणून घटोत्कच माझ्या गळ्यात पडला. मला गाता येत नाही, ही दुसरी पात्रता. काम एवढंच: झोपलेली सुभद्रा उचलायची आणि अर्जुनाच्या वाटेत नेऊन ठेवायची.

पहिल्याच तालमीला मास्तर ओरडले, “अरे, गोणी आहे का ती? काकू होणार तुझी!”

तोवर हे नातं माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. भीम-हिडिंबेचा हा मुलगा म्हणजे अर्जुनाचा सख्खा पुतण्या. अर्धा पांडव, अर्धा राक्षस.

गंमत अशी, की महाभारतातल्या सुभद्राहरणात घटोत्कच नाहीच. तिथे अर्जुन स्वतःच तिला रथात घालून नेतो. १८८२ साली पुण्यात ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणताना अण्णासाहेब किर्लोस्करांनी घटोत्कचाला मुद्दाम बोलावून घेतलं. बलरामाला बहिणीसाठी दुर्योधन हवा, कृष्णाला अर्जुन. भावाशी उघड वाकडं न घेता काम साधायचं, तर राक्षस बरा. वत्सलाहरणाच्या गोष्टीतही अभिमन्यूसाठी हाच धावतो. कार्य पांडवांच्या घरचं, हमाली याची.

महाभारताच्या युद्धात तर हद्द झाली. अर्जुनासाठी राखून ठेवलेलं शक्ती हे अस्त्र कर्णाला याच्यावर खर्चावं लागलं आणि हा मेला. पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदाने नाचला, असं द्रोणपर्वात आहे. मला ते अजून पचलेलं नाही.

असाच एक जण तिकडच्या ऑपेरातही सापडतो. ‘सौभद्र’च्या सहाच वर्षं आधी, १८७६ साली, जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरचा चार ऑपेरांचा ‘रिंग’ सलग झाला. वाग्नरच्या ऑपेरात सगळं गाऊनच सांगतात. आपल्यासारखं बोलता बोलता पद सुरू होत नाही. ‘रिंग’मधला सीगमुंड देवबापाला मानवी स्त्रीच्या पोटी झालेला. ऐन लढाईत त्याची तलवार मोडते, तीही बापाच्याच भाल्यावर. कामापुरतं आपलं म्हणणारे तिकडेही आहेत.

प्रयोगाच्या रात्री खोबरेलात कालवलेली काजळी घामाने डोळ्यांत उतरत होती आणि थर्माकोलचे सुळे ओठाला टोचत होते. सुभद्रा खांद्यावरून पुटपुटली, “हळू, शालू अडकलाय.” तिला अलगद खाली ठेवलं, पदर सारखा केला. हे मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं. मग विंगेत येऊन सुळे काढले आणि तिथूनच अर्जुनाचं पद ऐकलं. सूर जरा खालीच लागला होता त्याचा.