दुखरा पाय आधी

“कुठला गुडघा, आजी?”

मुरुडहून अलिबागला निघालेली साधी एसटी नांदगाव सोडून पुढच्या एका थांब्यावर उभी होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. भात कापून झालेलं, खाचरांवर धुकं, सात वाजायला थोडा अवकाश. वाहक बाई खाली उतरल्या होत्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गुडघ्याचा. आजींनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मग उजवा पाय आधी वर. दांडी धरा. पिशवी द्या इकडे.”

पिशवी आत गेली. बाईंनी आजींचा हात ओढला नाही. एक तळवा त्यांच्या कोपराखाली ठेवला आणि दुसरा पाठीमागे धरला, पाठीला न टेकवता, चार बोटं अंतर राखून. आजींनी उजवा पाय पायरीवर टाकला, दांडीवर भार घेतला, क्षणभर थांबल्या, मग डावा पाय वर ओढून घेतला. पुन्हा उजवा. पुन्हा थांबणं. वर पोचल्यावर त्या “बाय गो” एवढंच म्हणाल्या आणि दारामागच्या पहिल्या सीटवर बसल्या. तिथे बसलेला कॉलेजचा मुलगा बाईंच्या नजरेनं आधीच उठला होता. आजी नीट टेकल्या, हातानं समोरची दांडी धरली, तेव्हा कुठे बाईंनी छतालगतची दोरी दोनदा ओढली.

हे सगळं मला आधी आईमुळे दिसलं. तिच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही वर्षभर याच रस्त्यानं अलिबागला ये-जा केली. आई एकदा म्हणाली, “ही बाई गाडीत असली की मला घरून निघताना धाकधूक होत नाही.” आईची तपासणी संपली, पण हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून मग तीन सकाळी मी एकटीच या गाडीत बसले, नुसतं बघायला.

पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं की गुडघ्याचं हे कुठे शिकलात. त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. म्हणजे अंगाचा भार उचलायचं किंवा तोलून धरायचं काम दोन्ही वेळा चांगल्या पायाकडे येतं. बाकीचं त्या गाडीतच शिकल्या. “बगलेत हात घालून उचललं की म्हातारं माणूस घाबरतं आणि अंग सोडून देतं. मनगट धरून ओढलं तर कातडी सोलवटते. आधार खालून द्यायचा. चढायचं त्यांचं त्यांनीच.”

गाडीत त्या दिवशी निम्म्याहून जास्त डोकी पांढरी होती. किनाऱ्यावरच्या गावांचं हेच चित्र आहे. कमावती मुलं मुंबईत, नाहीतर पनवेल-नवी मुंबईत. दिवाळीला येतात, चार दिवसांत परततात. मागे राहिलेल्यांची सगळी कामं मात्र अलिबागला असतात, कारण जिल्ह्याचं ठिकाण तेच. जिल्हा रुग्णालय तिथे, न्यायालय तिथे, कोषागार तिथे. नोव्हेंबरात निवृत्तांची हयातीच्या दाखल्याची धावपळ असते. माझ्या शेजारचे निवृत्त शिक्षक त्याच कामाला निघाले होते, प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणि वर रुमाल. मागच्या सीटवर साखरेच्या गोळ्या संपलेले एक बाबा होते. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये ज्यांच्या हातात येतात, त्यांनी मुरुडहून स्पेशल रिक्षा केली तर महिन्याचा किराणा कशातून भरायचा? मिनीडोर मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि तिच्यात अंग चोरून बसणं ऐंशीच्या माणसाला जमत नाही. उरते एसटी.

भाड्याचा प्रश्न महाराष्ट्रानं बऱ्यापैकी सोडवला आहे, आणि त्याचं श्रेय मनापासून दिलं पाहिजे. पासष्ट वर्षांपुढच्यांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला थांबवली, ती वर्षं उलटली तरी परत आली नाही. त्याच काळात एसटीनं उलटी दिशा धरली. मोफत प्रवाशालाही मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. त्या तिकिटांच्या हिशेबावर सरकार महामंडळाला भरपाई देतं, म्हणून बाई ते न विसरता काढतात. पण माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. प्रत्येक आजी ते तिकीट नीट घडी घालून बटव्यात ठेवत होती. फुकट बसलोय असं कुणी म्हणू नये, हातात तिकीट असावं, ही त्यामागची भावना मला तरी फार मोलाची वाटते.

वयासाठी दाखवायच्या आधार कार्डावर मात्र घोळ निघतोच. घरी सुइणीच्या हातून जन्मलेल्या माणसाला तारीख कोण सांगणार? कार्ड काढताना वय अंदाजे सांगितलेलं, आणि जन्मतारीख १ जानेवारी. काशीदच्या आसपास चढलेले एक आजोबा गांधीहत्येच्या वेळी शाळेत जात होते असं सांगत होते, आणि कार्डाप्रमाणे त्यांची पंचाहत्तरी अजून यायची होती. बाईंनी अर्धं तिकीट दिलं. “बाबा, मला पटतंय. पण मशीनला कागद लागतो.” आजोबांनीही वाद घातला नाही. पुढे त्यांना उतरवताना मात्र बाईंनी दुप्पट वेळ घेतला, हे मी पाहिलं.

तिकीट शून्यावर आलं, तरी पायरी तिथेच आहे. पहिली पायरी माझ्या नडगीच्या मध्यावर येते. आईच्या ती गुडघ्याला टेकते. शहरातल्या खालच्या मजल्याच्या बसगाड्यांत फुटपाथवरून सरळ पाऊल आत टाकता येतं, आणि परदेशात थांब्यावर एका बाजूला कलून खाली येणाऱ्या बसही आहेत. कोकणातल्या खड्ड्यांच्या, चढउताराच्या रस्त्याला गाडी उंच लागते हे मला मान्य आहे. पण उंची नुसत्या गाडीची नसते. हे मला चालकानं दाखवलं. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो, साइडपट्टीवर मात्र कुणी माती टाकत नाही. डांबर चढत जातं, कडा खचत जाते. गाडीची चाकं डांबरावर आणि प्रवासी खाली पट्टीवर, म्हणजे पायरी आणखी वीतभर उंच. हा चालक गाडी थांबवताना आरशातून कड बघतो. जिथे पट्टी सपाट असेल तिथे डावी चाकं डांबराखाली उतरवतो, मग गाडी दाराच्या बाजूला किंचित कलते आणि पायरी खाली येते. बारशिवच्या अलीकडे त्यानं ठरलेल्या थांब्याच्या दहा पावलं पुढे, मोरीच्या ओट्याला चिकटवून गाडी उभी केली. दोन आज्या ओट्यावर आधीच चढून थांबल्या होत्या. एक पाऊल, आणि आत. आज्यांनी तो ओटा केव्हा हेरला आणि चालकानं त्यांना केव्हा, हे दोघांनाही आठवत नव्हतं. कुणी मीटिंग घेतली नाही, कुठे पाटी लागली नाही. मला वाटतं या रस्त्यावरचा सगळ्यात चांगला थांबा तोच आहे.

कोर्लईला दोन म्हाताऱ्या बहिणी चढल्या. चढताना एकीनं दुसरीला काहीतरी सांगितलं ते मराठी नव्हतं. पोर्तुगिजांच्या वेळेपासून कोर्लईत टिकलेली ती बोली, गावातले लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बाईंना ती येत नाही. एकच शब्द त्या शिकल्या आहेत आणि तो कुठला ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण तो ऐकून दोघी बहिणी हसल्या.

साळावचा पूल ओलांडून रेवदंड्यात शिरल्यावर रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, समोरून ट्रक. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी इथे तासभर जातो. मी घड्याळ लावून बसले होते. एका वयस्क प्रवाशाला चढवायला बाईंना सरासरी अर्धं मिनिट लागलं. काठी आणि पिशवी दोन्ही असेल तर पाऊण. उतरायला त्याहून थोडं जास्त, कारण उतरताना त्या माणसाला वळवतात, तोंड गाडीकडे करायला लावतात, शिडी उतरावी तसं. चढणं आणि उतरणं मिळून असं पंचवीसेक वेळा झालं. म्हणजे बारा-पंधरा मिनिटं. ही मिनिटं काशीदच्या गर्दीतून आणि रेवदंड्याच्या कोंडीतून वाचवून आणावी लागतात. मला सांगायचं आहे ते एवढंच, की सवलत देताना आपण पैशांचा हिशेब केला आणि वेळेचा केला नाही. म्हाताऱ्या माणसाला गाडीत चढायला लागणारा वेळ हा उशीर नव्हे, तो प्रवासाचाच भाग आहे, आणि तो फेरीच्या वेळेत धरलेला असायला हवा. इंग्लंडमध्ये २००८ पासून ज्येष्ठांना बस मोफत आहे, पण कामाच्या दिवशी साधारणपणे सकाळी साडेनऊनंतर. सकाळच्या गाड्या नोकरदारांच्या. आमच्याकडे उलट आहे. साडेनऊला रुग्णालयातला केसपेपर निघून रांग लागलेली असते. इथे म्हाताऱ्या माणसाला पहिलीच गाडी लागते.

आणि पहिली गाडी म्हणजे मुक्कामाची. रात्री गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे तीच निघते. ज्या वाडीत मुक्कामाची गाडी आहे तिथली म्हातारी माणसं दवाखान्यात वेळेवर पोचतात, जिथे ती बंद झाली तिथली दुखणं अंगावर काढतात. दुपारच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात. मुलांना सुट्टी लागली की फेरीही थांबते, आणि मे महिन्याच्या उन्हात आज्या फाट्यावरून चालत घरी जातात. त्यांची शाळा सुटून साठ वर्षं झाली, तरी त्यांचा दिवस अजून घंटेवर चालतो.

मुंबईच्या रुग्णालयात जायचं झालं तर पुढे पाण्याचा रस्ता. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच मी त्याच महिन्यात पाहिली. ओहोटी होती आणि लाँच धक्क्याच्या बरीच खाली गेलेली. मधली फट उघडझाप करत होती. एका आजोबांना उतरवायला दोन खलाशी उभे राहिले, एक वर, एक खाली. खालचा लाटेकडे बघत होता. “थांबा... थांबा... आता!” लाटेनं लाँच वर उचलली त्या क्षणी आजोबांचा पाय फळीवर पडला, खालच्यानं कोपर झेललं. इथे पायरीची उंची दर लाटेला बदलते, म्हणून तो खलाशी घाई करत नाही. दोन चांगल्या लाटा त्यानं सोडून दिल्या होत्या, आजोबांचा श्वास स्थिर होईना म्हणून. मार्च २०२० पासून मांडव्याहून रो-रो बोट आहे, तिच्यात गाडीत बसूनच आत जाता येतं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याची सोय झाली.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत सकाळच्याच आजी भेटल्या. रक्त तपासून झालं होतं, पिशवीत गोळ्या आणि दिवाळीत येऊन गेलेल्या नातवाला पुढच्या वेळेसाठी घेतलेलं खेळणं. त्यांचा थांबा आला. चालकानं डावी चाकं खाली घेतली. बाई आधी उतरल्या.

“तोंड गाडीकडे, आजी. दुखरा पाय आधी.”

डावा पाय खाली आला, मग उजवा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. आजींचं घर रस्त्याच्या पलीकडे. सुटल्या सुटल्या गाडीच्या पुढून जाणारं माणूस चालकाला दिसत नाही, म्हणून बाईंनी त्यांना थांबवलं, स्वतः पुढे होऊन रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि समोरून येणाऱ्या जीपला हात केला. आजी निघाल्या. गाडीत कुणीतरी “चला की” म्हणालं. चालकानं मागे वळून पाहिलं नाही. आजी पलीकडे पोचल्या, कुंपणाला हात लागला, त्यांनी मागे न बघता हात वर केला. बाई आत आल्या आणि दोरी दोनदा ओढली.