सायकल शर्यत समजून घेताना : लेखांक ६
सपाट टप्प्यांवरचा आरोप

मागील लेखांकात घाटातल्या टप्प्यांचा विचार केला. मग पुढचा प्रश्न आपोआपच येतो : तीन आठवड्यांच्या शर्यतीत सपाट टप्पे हवेतच कशाला? आपल्याकडे सायकल शर्यतीचे आकर्षण घाटावरच पोसले गेले आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान मिळतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या ४३७ किलोमीटरच्या पुणे ग्रँड टूरमध्ये मात्र सर्वांत लांब टप्पा पुरंदरहून बारामतीकडे, म्हणजे मोकळ्या मुलखाकडे जाणारा होता. टूर द फ्रान्समध्ये तर २१ टप्प्यांत सुमारे ३,४०० किलोमीटर अंतर असते आणि त्यातले बरेच टप्पे सपाट असतात. ते पाहताना कंटाळा येतो, अशी तक्रार जुनी आहे. तिच्यात तथ्य आहे, पण तिने दोष चुकीच्या जागी ठेवला आहे. प्रेक्षक कंटाळतो तो निकाल आधीच दिसू लागल्यामुळे, आणि ही वेळ डोंगरातही येऊ शकते.

तक्रारीची बाजू आधी पाहू. सपाट रस्त्यावर स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. बर्ट ब्लोकेन या संशोधकाच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, मोठ्या घोळक्याच्या आतल्या भागातील स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो. साहजिकच पुढे निसटलेले दोन-चार जण दमतात आणि मागचा घोळका ताजातवाना राहतो. स्प्रिंटरांचे संघ अंतर हवे तेवढेच वाढू देतात, शेवटच्या काही किलोमीटरांत पुढच्यांना गाठतात आणि फैसला अखेरच्या दोनशे मीटरांत होतो. २०१८ च्या टूरमधला फूजेर ते शार्त्र हा २३१ किलोमीटरचा टप्पा जवळजवळ सहा तास चालला. अखेर डिलन ग्रोनेवेगन जिंकला, पण तोवर पाहण्यासारखे फारसे काही घडले नव्हते. असे टप्पे असतात, हे मान्यच करायला हवे.

पण हवेचा हाच नियम वारा आडवा झाला की शर्यत उलथवून टाकतो. मनमाड-नांदगावकडच्या उघड्या माळरानावर पावसाळी वाऱ्यात सायकल हाकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बाजूने वारा आला की आडोसा पुढच्याच्या थेट मागे मिळत नाही, तिरका मागे मिळतो. स्वार तिरक्या रांगेत येतात आणि रस्त्याची रुंदी संपली की रांगेतली जागाही संपते. उरलेले रस्त्याच्या कडेला एकामागे एक वाऱ्याशी झुंजतात. त्यांतल्या एकाची दमछाक झाली की त्याच्यामागचे सगळेच तुटतात. २०१३ च्या टूरमध्ये तेराव्या टप्प्यावर प्रतिस्पर्धी कोंतादोरच्या संघाने वाऱ्याचा नेमका फायदा घेत ख्रिस फ्रूमला एक मिनिट नऊ सेकंदांनी मागे टाकले. २०२० मध्ये लावोरच्या टप्प्यावर तादेई पोगाचारने ८१ सेकंद गमावले. ती शर्यत त्याने जिंकली, पण फक्त ५९ सेकंदांच्या फरकाने. २०२५ मध्ये लील येथील पहिल्याच दिवशी एवेनेपूल आणि रोग्लिच हे दावेदार ३९ सेकंदांनी मागे पडले.

यावर कोणी म्हणेल, वारा काही रोज वाहत नाही. खरे आहे. पण वाऱ्याची नुसती शक्यताही प्रत्येक संघाला पुढच्या जागेसाठी झगडायला लावते. शिवाय धाडसाला वाव उरतोच. २०२५ मध्ये शिनों ते शातोरू या सपाट टप्प्यावर मातियू व्हान डेर पूल आणि योनास रिकार्ट सुरुवातीलाच निसटले. व्हान डेर पूलला घोळक्याने गाठले तेव्हा अंतिम रेषा सुमारे ७०० मीटरांवर होती. टप्पा टिम मेर्लिए जिंकला, पण त्या दिवशीचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर होता. उलट गेल्या दशकात टीम स्काय हा संघ डोंगरात असा एकसुरी, जबर वेग राखत असे की कोणाला हल्ला करण्याची ताकदच उरत नसे. चढ होता, पण अनिश्चितता नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सपाट टप्प्यांच्या शेवटी भरधाव घोळक्यात स्वार पडतात, जखमी होतात. त्यावर सुरक्षित, रुंद, सरळ अखेर आखणे हाच इलाज आहे. टप्पेच काढून टाकले, तर मार्क कॅव्हेंडिशसारख्या, टूरमध्ये विक्रमी ३५ टप्पे जिंकणाऱ्या स्वाराला या खेळात जागाच उरणार नाही. वजनदार, स्फोटक ताकदीच्या स्वारांनाही घाट ठरलेल्या वेळेत पार करावा लागतो, आणि तो त्यांचा झगडा शर्यतीला खोली देतो.

म्हणून आयोजकांनी सपाट टप्पे ठेवावेत. पण ते आखूड करावेत, उघड्या मुलखातून न्यावेत, वळणांनी वाऱ्याची दिशा बदलती ठेवावी. २०२५ मध्ये पॅरिसच्या अखेरच्या टप्प्यात माँमार्त्रची छोटी चढण तीनदा घातली आणि वाउट व्हान आर्ट एकटा पुढे निघून जिंकला. एवढ्याशा बदलाने ठरीव स्प्रिंट मोडली. महाराष्ट्रात यापुढे मोठ्या शर्यती आखताना सह्याद्रीबरोबर खानदेश-मराठवाड्याच्या मैदानांनाही मान मिळावा. तिथला वारा ही शर्यतीची अडचण नाही, संपत्ती आहे. हा वारा ओळखून संघ डावपेच कसे रचतात, ते पुढील लेखांकात पाहू.