विश्लेषण : प्रमाणपत्रे लाखोंना, नोकऱ्या किती जणांना? अनुदानावर चालणाऱ्या रोजगार योजनांचे यश कसे मोजतात?

देशातील सर्वांत मोठ्या कौशल्य प्रशिक्षण योजनेवरील ‘कॅग’चा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडण्यात आला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अल्पकालीन प्रशिक्षण आणि विशेष प्रकल्प या दोन प्रकारांत ५६.१४ लाख जणांना प्रमाणपत्र मिळाले. त्यांपैकी २३.१८ लाख, म्हणजे सुमारे ४१ टक्के जणांनाच रोजगार मिळाल्याची नोंद आहे. प्रशिक्षण झाले, परीक्षा झाली, प्रमाणपत्रही मिळाले. मग उरलेल्यांचे काय झाले? हा प्रश्न एका योजनेपुरता नाही. सरकारी अनुदान, कंपन्यांचा सीएसआर निधी किंवा परदेशी देणगी यांवर चालणाऱ्या प्रत्येक रोजगार कार्यक्रमाला तो लागू होतो. पैसे देतानाच ‘यश म्हणजे नेमके काय’ हे ठरवले नाही, तर पुढे काय होते, हे समजून घेऊ.

काम मोजायचे की परिणाम?

एखादी संस्था अहवालात लिहिते, ‘२०० तरुणांना प्रशिक्षण दिले, १० मेळावे घेतले, ५० शिलाई यंत्रे वाटली.’ हे सगळे झालेले काम आहे. त्यातून कोणाच्या कमाईत किती फरक पडला, हा परिणाम. सरकारी भाषेत त्याला फलनिष्पत्ती म्हणतात. काम मोजणे सोपे असते, कारण हजेरीपट, बिले आणि फोटो संस्थेकडेच असतात. परिणाम मोजायचा तर प्रशिक्षण संपल्यानंतर काही महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा गाठावे लागते. त्याने फोन नंबर बदललेला असतो, गाव सोडलेले असते. म्हणून बहुतेक अहवाल हजेरीपटावर येऊन थांबतात.

एकाच प्रकल्पाचे तीन आकडे कसे निघतात?

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. ४० लाख रुपयांच्या अनुदानात २०० जणांनी नाव नोंदवले. १६० जणांनी वर्ग पूर्ण केला, १४० जण परीक्षा उत्तीर्ण झाले, ८४ जणांना नोकरी लागली आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ५६ जण कामावर टिकून होते.

आता यशाचे प्रमाण किती? नोकरी लागलेल्यांना प्रमाणपत्र मिळालेल्यांनी भागले तर ६० टक्के. नाव नोंदवलेल्यांनी भागले तर ४२ टक्के. आणि तीन महिने टिकलेल्यांचे प्रमाण नाव नोंदवलेल्यांमध्ये काढले तर फक्त २८ टक्के. यातील एकही आकडा खोटा नाही. खर्चाचेही तसेच. एका प्रमाणपत्रामागे सुमारे २८,५७१ रुपये पडले. पण टिकलेल्या एका नोकरीमागे सुमारे ७१,४२९ रुपये. भागाकार कशाने करायचा हे करारात लिहिलेले नसेल, तर अहवालात सर्वांत देखणा आकडाच झळकतो.

पैसा ज्याला बांधलेला, तेच घडते का?

बहुतांशी होय. केंद्राने २०१५ मध्ये कौशल्य योजनांसाठी समान निकष आणले. त्यानुसार प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी किमान ७० टक्के जणांना तीन महिन्यांच्या आत रोजगार किंवा स्वयंरोजगार मिळणे अपेक्षित होते. प्रशिक्षण केंद्राला पैसे तीन हप्त्यांत मिळत : सुरुवातीला ३० टक्के, प्रमाणपत्रानंतर ५० टक्के आणि रोजगारानंतर २० टक्के. म्हणजे एकालाही नोकरी लागण्याआधी ८० टक्के रक्कम मिळण्याची सोय होती. साहजिकच केंद्रांचा सगळा जोर प्रवेश आणि परीक्षेवर राहिला.

नोंदींची अवस्थाही ‘कॅग’ने दाखवून दिली आहे. योजनेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील सुमारे ९५.९१ लाख सहभागींपैकी ९४.५ टक्के जणांच्या बँक खात्याचा रकाना रिकामा होता किंवा त्यात शून्य, ‘लागू नाही’ अशा निरुपयोगी नोंदी होत्या. लाभार्थीपर्यंत परत पोहोचण्याचा रस्ताच नोंदीत नसेल, तर सहा महिन्यांनी त्याची कमाई कोण विचारणार? योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर पहिल्या तीन टप्प्यांसारखा रोजगाराचा मागोवा घेतला जात नाही. प्रशिक्षितांना करिअरचे वेगवेगळे मार्ग निवडता यावेत, यावर भर असल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे.

‘टिकलेली नोकरी’ हा निकष कोणी लावला?

ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आणि ब्रिटिश एशियन ट्रस्ट यांनी इतर संस्थांसह ‘स्किल इंडिया इम्पॅक्ट बाँड’ सुरू केला. निधी १.४४ कोटी डॉलर, मुदत चार वर्षे, लक्ष्य ५० हजार तरुण आणि त्यांत ६० टक्के मुली व महिला. नाव बाँड असले तरी हा शेअर बाजारातील रोखा नव्हे. यात काही संस्था जोखीम घेऊन आधी पैसे घालतात. त्यातून प्रशिक्षण होते. ठरलेला परिणाम साधल्याचे त्रयस्थ तपासनीसाने मान्य केले, तरच मूळ देणगीदार त्या संस्थांना पैसे परत करतो. येथे प्रवेश आणि प्रमाणपत्राबरोबरच नोकरी लागणे आणि ती तीन महिने टिकणे हे निकष ठेवले गेले.

तीन महिनेच का? शहरात पहिल्यांदा आलेल्या मुलीला खोलीचे भाडे, प्रवास, रात्रपाळी आणि घरच्यांचा दबाव या सगळ्याला तोंड देत कामावर टिकावे लागते. ती पहिल्याच महिन्यात परतली, तर कागदावर ‘नोकरी लागली’ हे खरे असते, पण तिच्या हाती काहीच पडलेले नसते. टिकण्याला पैसे जोडले की संस्था वसतिगृह, समुपदेशन आणि पहिल्या महिन्याचा खर्च यांचाही विचार करू लागते.

आकड्याच्या मागे धावण्याचा धोका काय?

याचा जुना धडा अमेरिकेत आहे. तेथे १९८२ च्या ‘जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप ॲक्ट’ने स्थानिक प्रशिक्षण केंद्रांना नोकरी लागण्याचे प्रमाण आणि वेतन यांची उद्दिष्टे दिली, चांगल्या कामगिरीला बक्षीस निधी ठेवला. मग एक शंका पुढे आली : ज्यांना तशीही नोकरी लागली असती, अशाच उमेदवारांना केंद्रे निवडत नाहीत ना? साय काढून घ्यायची आणि दूध सोडून द्यायचे, असा हा प्रकार. संशोधकांना आणखी एक पळवाट सापडली. उमेदवाराचे प्रशिक्षण ‘संपले’ असे कधी नोंदवायचे, हे केंद्राच्या हाती होते. त्यामुळे आकडा चांगला दिसेल अशी वेळ साधून ती नोंद केली जाई. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात तर प्रशिक्षणानंतर लगेच मोजलेला आकडा आणि दीर्घकाळाचा खरा फायदा यांचा संबंध क्षीण आढळला.

२०१४ च्या ‘वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट’मध्ये त्यावर काही उपाय दिसतात. प्रशिक्षण संपल्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का, हे पाहिले जाते. दुसऱ्या तिमाहीतील मध्यक वेतनही मोजतात. माहिती मुख्यतः मालकांनी सरकारकडे भरलेल्या वेतन नोंदींतून येते, संस्थेच्या दाव्यातून नाही. आणि उद्दिष्ट ठरवताना त्या भागातील अर्थस्थिती व उमेदवारांची पार्श्वभूमी लक्षात घेतली जाते. हे शेवटचे महत्त्वाचे. पुण्यातील चाकणला आणि गडचिरोलीतील धानोऱ्याला एकच ७० टक्क्यांचे लक्ष्य दिले, तर धानोऱ्यात काम करायला संस्थाच पुढे येणार नाही.

भारतात भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी अशा पडताळणीला उपयोगी पडू शकतात. मात्र आपल्याकडे असंघटित क्षेत्र मोठे आहे. गॅरेजमध्ये, ब्यूटी पार्लरमध्ये किंवा स्वतःच्या टपरीवर काम करणारा माणूस त्या नोंदीत सापडत नाही.

मग पगार नसलेल्यांची प्रगती कशी मोजायची?

शेळीपालन, मसाला किंवा किराणा अशा उद्योगांत महिन्याला ठरलेला पगार नसतो. हंगामात पैसा येतो, पावसाळ्यात आटतो. ‘लखपती दीदी’ उपक्रमाची व्याख्या या अडचणीचा विचार करते. बचत गटातील महिलेच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपये किंवा अधिक असावे आणि ते किमान चार हंगाम किंवा व्यवसायचक्रांत, महिन्याला सरासरी १० हजार रुपयांहून जास्त राहावे, असा निकष आहे. सरकारने यापूर्वी तीन कोटी महिलांचे लक्ष्य ठेवले होते. २५ ऑगस्ट २०२४ रोजी जळगावच्या मेळाव्यात ११ लाख नव्या लखपती दीदींना प्रमाणपत्रे देण्याचा कार्यक्रम पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाला.

व्याख्या स्पष्ट असणे ही मोठी जमेची बाजू. पण उंबरठा ठेवला की दोन प्रश्न उभे राहतात. ज्या कुटुंबाचे उत्पन्न ९५ हजारांवरून एक लाखावर गेले, ते यादीत येते; ज्याचे २० हजारांवरून ८० हजारांवर गेले, ते येत नाही. खरी मजल दुसऱ्याने मारलेली असते. दुसरे म्हणजे मोजमाप कुटुंबाच्या उत्पन्नाचे आहे. नवऱ्याची मजुरी वाढली तरी दीदी लखपती ठरू शकते. म्हणून सुरुवातीचे उत्पन्न आणि महिलेची स्वतःची कमाई हे दोन रकाने वेगळे ठेवणे गरजेचे ठरते.

केनिया आणि युगांडात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिलेज एंटरप्राइझ’ संस्थेच्या इम्पॅक्ट बाँडने वेगळी वाट धरली. अतिगरीब कुटुंबांना छोटा व्यवसाय सुरू करून देणाऱ्या या कार्यक्रमात कुटुंबाचा उपभोग खर्च आणि मालमत्ता मोजण्यात आली. कारण ‘वर्षाला किती कमावता’ यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात धान्यावर किती खर्च झाला, घरी जनावरे किती’ या प्रश्नांची उत्तरे माणूस नेमकी देतो. शिवाय कार्यक्रम न पोहोचलेल्या गावांशीही तुलना केली गेली.

तुलना कशासाठी?

वरच्या काल्पनिक उदाहरणाकडे पुन्हा पाहू. २०० पैकी ५६ जण टिकले. पण प्रशिक्षण नसतेच, तर यांपैकी ३० जणांना तशीही नोकरी लागली असती का? तसे असेल तर प्रकल्पाचे श्रेय २६ जणांपुरतेच. हे कळण्यासाठी तशाच परिस्थितीतील, पण प्रशिक्षण न मिळालेल्या लोकांकडे पाहावे लागते. भारतासह सहा देशांतील अतिगरीब कुटुंबांवरील अशा तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांपैकी होते. उपजीविकेचे साधन, प्रशिक्षण आणि नियमित भेटी अशी एकत्रित मदत मिळालेली कुटुंबे ती संपल्यानंतर वर्षभरानेही पुढे असल्याचे त्यात दिसले. अर्थात, अशी पाहणी महाग असते. प्रत्येक छोट्या संस्थेकडून ती अपेक्षिणे योग्य नाही.

मोजण्याचा खर्च कोण देणार?

कंपनी कायद्याच्या नियमांत २०२१ पासून याचे काही उत्तर आहे. ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिला एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे, ते पूर्ण होऊन किमान वर्ष उलटल्यावर, स्वतंत्र परिणाम मूल्यमापन करावे लागते. त्यासाठी एकूण सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा ५० लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंतचा खर्च सीएसआरमध्ये धरता येतो.

एक कोटीखालील प्रकल्पांना हे बंधन नाही, आणि गावपातळीवरील बहुतेक संस्था याच गटात मोडतात. त्यांची खरी अडचण मुदतीची असते. अनुदान १२ महिन्यांचे आणि शेवटची तुकडी ११ व्या महिन्यात बाहेर पडते. तिच्या सहा महिन्यांनंतरच्या कमाईची चौकशी करायला तोवर ना पैसा उरतो, ना माणूस. त्यामुळे करारातच पाठपुराव्यासाठी सहा महिने वाढीव आणि एका कार्यकर्त्याचे मानधन धरणे, हा साधा उपाय आहे.

चांगले उद्दिष्ट कसे लिहायचे?

‘ग्रामीण युवकांचे सक्षमीकरण करणे’ हे उद्दिष्ट कधी पूर्ण झाले, हे कोणीच सांगू शकत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘नाव नोंदवलेल्या २०० पैकी किमान ७० जण, प्रशिक्षण संपल्यानंतर सहाव्या महिन्यात कामावर असतील, त्यांची मासिक कमाई प्रवेशाच्या वेळेपेक्षा किमान चार हजार रुपयांनी जास्त असेल, पुरावा म्हणून पगार चिठ्ठी, बँकेची नोंद किंवा फोनवरील पडताळणी धरली जाईल.’ यात कोण, किती, कधीपर्यंत, कशाच्या तुलनेत आणि कशावरून, या पाचही प्रश्नांची उत्तरे आहेत. त्याला आणखी एक अट जोडावी : या ७० मध्ये महिला आणि दहावी न झालेले किती, हे वेगळे सांगावे. म्हणजे सोपे उमेदवार निवडून आकडा गाठता येणार नाही.

लक्ष्य हुकले तर शिक्षा, असा अर्थ मात्र यातून काढू नये. ७० ऐवजी ४५ जण टिकले आणि उरलेले का गेले हे कळले, तर पुढची तुकडी सुधारते. आकडा कमी दिसला की निधी बंद होणार, हे संस्थेला ठाऊक असेल तर ती खरा आकडा सांगणारच नाही.

सामान्य वाचकाने काय पाहावे?

एखाद्या प्रशिक्षण केंद्रात मुलाचे किंवा मुलीचे नाव घालण्यापूर्वी ‘किती टक्के प्लेसमेंट’ एवढेच विचारून थांबू नये. हे टक्के प्रमाणपत्र मिळालेल्यांतले की नाव नोंदवलेल्यांतले, पगार हाती किती पडला आणि मागच्या तुकडीतील किती जण सहा महिन्यांनी त्याच कामावर आहेत, हेही विचारावे. ज्या केंद्राकडे याची नोंद असेल, ते यादी काढून दाखवेल.